शेतातील ठेव आणि शेताचा मालक

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात मी शेतात लपवलेल्या ठेवीचा दाखला शिकवीत होतो. एका मनुष्याला शेतात ठेव सापडते, तो ती पुन्हा झाकून ठेवतो आणि आपले सर्वस्व विकून ते शेत विकत घेतो, एवढीच ती कथा. सातवीतला एक मुलगा उठून म्हणाला, "सर, पण त्यानं शेताच्या मालकाला सांगितलंच नाही! ही फसवणूक नाही का?" वर्गात हशा पिकला. दाखल्याचा रोख स्वर्गाच्या राज्याच्या मोलाकडे आहे, जमिनीच्या व्यवहाराकडे नाही, असे मी त्याला सांगितले. उत्तर बरोबर होते. पण त्याने विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते, हे त्यालाही कळले असावे आणि मलाही कळत होते.

तो प्रश्न अलीकडे पुन्हा आठवतो, त्याला कारण विरल मृदा मूलद्रव्यांविषयी सध्या जे वाचायला मिळते ते. या देशात आणि जगभर भूवैज्ञानिक शेतांखाली, डोंगरांखाली आणि किनाऱ्यांवर एक ठेव शोधीत आहेत. कोणत्या प्रदेशात ती किती असू शकेल याचे अंदाज बांधले जात आहेत. असा अंदाज बांधणे ही निव्वळ वैज्ञानिक गोष्ट आहे, तिच्यात नीतीचा प्रश्न येतो तो पुढे, खोदाई सुरू झाल्यावर, असे आपण सहसा धरून चालतो. मला हे पटत नाही. दाखल्यातील मनुष्याचा नैतिक प्रश्न शेत विकत घेताना सुरू झालेला नाही; त्याने ठेव पाहिली आणि पुन्हा माती लोटली, त्या क्षणीच तो सुरू झाला.

प्रथम ही ठेव कसली ते पाहू. विरल मृदा म्हणून ओळखली जाणारी मूलद्रव्ये सतरा आहेत : लॅन्थॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची पंधरा आणि त्यांच्या जोडीला स्कँडियम व यिट्रियम. स्वीडनमध्ये स्टॉकहोमजवळ इटर्बी नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील खाणीत १७८७ साली कार्ल अॅक्सेल अऱ्हेनियस या लष्करी अधिकाऱ्याला एक जड, काळा दगड सापडला आणि १७९४ साली योहान गाडोलिन याने त्यातून एक नवी 'मृदा' वेगळी केली. तेव्हापासून हे नाव रूढ झाले; पण ते फसवे आहे. यांतील सिरियम हे पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतके आहे. अडचण अशी की ही मूलद्रव्ये सर्वत्र चिमूटभर पसरलेली असतात, एका जागी क्वचित गोळा होतात. आणि जेथे होतात तेथेही ती रासायनिक गुणांनी सख्ख्या भावंडांसारखी असल्याने एकमेकांपासून वेगळी करणे महाकठीण असते. म्हणून "या प्रदेशात विरल मृदा आहे काय?" हा प्रश्नच निरर्थक ठरतो. ती आपल्या परसातल्या मातीतही आहे. खरा प्रश्न असा की ती किती दाट आहे, कोणत्या खनिजात अडकली आहे, तिच्यासोबत आणखी काय येते, आणि ती काढण्यासाठी काय मोडावे लागेल. यांतील शेवटचा प्रश्न भूविज्ञानाच्या पुस्तकात सहसा शेवटच्या प्रकरणात असतो.

आपल्याकडची कथा काथ्याच्या दोरापासून सुरू होते. त्रावणकोरातून युरोपात जाणाऱ्या काथ्याला किनाऱ्यावरची वाळू चिकटलेली असे. १९०९ साली शोंबर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाला त्या वाळूत मोनाझाइटचे पिवळसर तपकिरी कण आढळले. त्या काळी गॅसबत्तीच्या जाळीसाठी थोरियम लागत असे, आणि मोनाझाइटमध्ये विरल मृदांबरोबर थोरियमही असते. त्या दोराचा माग काढीत शोंबर्ग भारतात आला आणि कन्याकुमारीजवळच्या मानवालकुरिची येथे वाळू वेगळी करण्याचा उद्योग सुरू झाला. दोर वळणाऱ्या बायकांना आपल्या हाताला काय चिकटले आहे हे ठाऊक नव्हते. शेताच्या मालकाला काही न सांगता शेतात शिरण्याचा आपल्याकडचा हा बहुधा पहिला प्रसंग असावा. गॅसबत्त्या गेल्या, थोरियमचे मोल अणुशक्तीसाठी वाढले, १९५० साली इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९५२ साली केरळातील आलुवा येथे मोनाझाइटवर प्रक्रिया करणारा कारखाना सुरू झाला.

हे खनिज तेथेच का, आणि आपल्या कोकणात का नाही? प्रश्न सोपा वाटतो. पण एखाद्या प्रदेशाची संभाव्यता कशी जोखतात ते या एकाच उदाहरणावरून बरेचसे कळते. दक्षिण केरळ आणि कन्याकुमारीच्या मागे जे डोंगर आहेत ते अतिप्राचीन चार्नोकाइट, खोंडालाइट आणि पट्टिताश्म यांचे. या खडकांत मोनाझाइट अगदी अल्प प्रमाणात विखुरलेले असते. उष्ण आणि पावसाळी हवेत तो खडक लक्षावधी वर्षे कुजला. नद्यांनी त्याची वाळू समुद्रात नेली. आणि लाटांनी सुपात धान्य पाखडावे तशी ती पाखडली. गारेचा कण पाण्याच्या सुमारे अडीच पट जड, तर मोनाझाइटचा पाच पट. हलके कण वाहून गेले, जड ते किनाऱ्याला उरले. इल्मेनाइट, रुटाइल, झिरकॉन, गार्नेट आणि त्यांच्यात थोडे मोनाझाइट, असा तो काळा-तांबडा थर. कोकणामागचा सह्याद्री मात्र दक्खनच्या लाव्हारसाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्या काळ्या कातळात लोह आणि टायटॅनियम आहे, मोनाझाइट नाही म्हटले तरी चालेल. म्हणून रत्नागिरीजवळ काळबादेवी, नेवरे, मालगुंडच्या किनाऱ्यांवर काळी वाळू आहे, तिच्यात इल्मेनाइटही आहे, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तेथील समुद्रतळही तपासला आहे. पण विरल मृदांच्या दृष्टीने तो किनारा गरीबच. मोनाझाइट असलेल्या राज्यांच्या सरकारी यादीत महाराष्ट्राचे नाव येते खरे, पण ते शेवटच्या ओळीत येण्यापुरतेच. आपल्यापैकी कोणाला हे वाचून हायसे वाटेल. वाटू द्यावे, पण आपल्या खाली ठेव नाही म्हणून आपण निर्लोभी ठरत नाही.

असे अनुमान बांधल्यावर भूवैज्ञानिक मैदानात उतरतो. ओढ्यांतील गाळाचे नमुने घेतात. विमानातून किरणोत्सार मोजतात, कारण थोरियम आपला ठावठिकाणा स्वतःच सांगतो. मग चर खणतात, छिद्रे पाडतात, प्रयोगशाळेत दशलक्षांश भागांपर्यंत मोजणी होते. पाहणीचे चार टप्पे मानले जातात आणि प्रत्येक टप्प्यावर अनिश्चितता थोडी कमी होते. पहिल्या टप्प्यावरचा आकडा आणि चौथ्या टप्प्यावरचा आकडा यांत तांदळाच्या उभ्या पिकाचा अंदाज आणि कणगीतले मोजलेले भात यांच्याइतका फरक असतो. शासनाने २०२५ साली संसदेत सांगितल्याप्रमाणे देशात १ कोटी ३१ लाख ५० हजार टन मोनाझाइट असून त्यात विरल मृदांची सुमारे ७२ लाख ३० हजार टन ऑक्साइडे आहेत. याखेरीज गुजरात आणि राजस्थानच्या कठीण खडकांत १२ लाख ९० हजार टन. आकडे अणुखनिज संचालनालयाने परिश्रमाने काढलेले आहेत, त्यांविषयी मला शंका नाही. पण हे "जागच्या जागी असलेले" साठे आहेत. त्यांत वस्त्यांखालचे आहे, वनांखालचे आहे, भरतीरेषेच्या आतले आहे. वर्तमानपत्रात हेच आकडे "भारताच्या भूगर्भातील खजिना" म्हणून येतात, आणि 'आहे' या क्रियापदाचे 'मिळणार' कधी झाले ते वाचकाला समजतसुद्धा नाही.

माझ्या मते शोधकाचे पहिले कर्तव्य येथे येते. खोटे न बोलणे एवढ्याने ते पुरे होत नाही. आपला खरा आकडा कोणत्या अर्थाने ऐकला जाईल याचीही जबाबदारी काही अंशी त्याच्यावर असते. भारतीय मोनाझाइटमध्ये निओडिमियमसारखी हलकी मूलद्रव्ये पुष्कळ आहेत. पण चुंबकांना उष्णता सोसण्याचे बळ देणारे डिस्प्रोसियम आणि टर्बियम नगण्य. शिवाय आठ ते दहा टक्के थोरियम ऑक्साइड, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य, ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावे लागणार. या दोन गोष्टी एकूण टनांच्या आकड्याबरोबर त्याच वाक्यात सांगितल्या, तर ऐकणाऱ्याचे मत वेगळे होते. त्या पुढच्या पानावरच्या तळटीपेत ढकलल्या, तर कोणी खोटे बोलले असे म्हणता येत नाही. आणि तरीही ठेवीवर माती लोटलेलीच असते.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात चोरीविषयी विवेचन करताना नेमका याच दाखल्याचा उल्लेख केला आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. नाहीतर त्या मुलाला त्या दिवशीच सांगितले असते. ते म्हणतात, ज्या वस्तूला कधीच कोणी धनी नव्हता, उदाहरणार्थ समुद्रकिनारी सापडणारे खडे आणि रत्ने, ती सापडणाऱ्याची. फार पूर्वी पुरलेल्या आणि वारस नसलेल्या ठेवीचेही तसेच. मात्र ती दुसऱ्याच्या जमिनीत सापडली तर नागरी कायद्यानुसार अर्धा वाटा जमिनीच्या मालकाला द्यावा लागतो. म्हणूनच दाखल्यातील मनुष्याने शेत विकत घेतले, सगळ्या ठेवीवर हक्क मिळावा म्हणून. बुद्धिमान उत्तर आहे. तरीही त्या मुलाची शंका त्याने पुरी फिटत नाही, कारण शेताची किंमत ठरवताना एका पक्षाला ठाऊक होते आणि दुसऱ्याला नव्हते. आणि समुद्रकिनाऱ्यावरचे खडे कोणाचेच नाहीत हे म्हणणे ज्या किनाऱ्यावर कोणी राहत नाही तेथे ठीक. केरळचा आणि कन्याकुमारीचा किनारा तसा कधीच नव्हता.

आपल्या न्यायालयांनीही या कोड्याला हात घातला आहे. केरळातील एका खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जमिनीखालच्या खनिजाची मालकी सामान्यतः जमिनीच्या मालकीबरोबर जाते. सर्व खनिजे आपोआप शासनाची होतात असा कायदा नाही. मोनाझाइटची गोष्ट निराळी. थोरियममुळे ते अणुखनिज ठरते आणि त्यावर केंद्राचे नियंत्रण असते. हे योग्यही आहे. किरणोत्सारी द्रव्य खुल्या बाजारात हिंडू नये. पण नियंत्रण शासनाचे आहे म्हणजे त्या वाळूवर उभ्या असलेल्या घरातील मनुष्याला काही विचारायचे नाही, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

आता त्या घरांकडे वळू. कोल्लम जिल्ह्यातील आलप्पाड हे समुद्र आणि कालवा यांच्यामधले चिंचोळे गाव. २००४ च्या त्सुनामीने त्याला झोडपले. दशकानुदशके वाळू उपसल्याने आपले गाव समुद्रात जात आहे असे म्हणत २०१८ च्या नोव्हेंबरपासून तेथील लोकांनी साखळी उपोषण केले. कंपन्यांचे म्हणणे असे की लाटा वाळू पुन्हा आणून टाकतात आणि किनारा खचण्याची इतर कारणेही आहेत. कन्याकुमारी जिल्ह्यातील किल्लियूर तालुक्यात सुमारे १,१४४ हेक्टरांवर खाणकामाचा प्रस्ताव आला तेव्हा किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्त्या विरोधात उभ्या राहिल्या. यांतील बहुतेक धर्मग्राम आपल्यासारखेच, चर्चच्या घंटेवर दिवस मोजणारे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ठेवलेली जनसुनावणी विरोधामुळे होऊ शकली नाही.

येथे एक गोष्ट न लपवता सांगायला हवी, नाहीतर मीही ठेव झाकणाऱ्यांतलाच ठरेन. या किनाऱ्यावर वाळूमुळेच कर्करोग होतो, अशी भीती विरोधकांच्या बोलण्यात वारंवार येते. करुनागप्पळ्ळी भागात नैसर्गिक किरणोत्सार देशातील इतर भागांहून पुष्कळ अधिक आहे, हे खरे. पण तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्राने तेथील सुमारे ७०,००० रहिवाशांवर सरासरी साडेदहा वर्षे लक्ष ठेवले आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नैसर्गिक किरणोत्सारामुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. कारखान्यात एकवटलेल्या थोरियमचा आणि त्याच्या कचऱ्याचा प्रश्न वेगळा आहे, तो या अभ्यासाने सुटत नाही. तरी किनाऱ्यावरच्या माणसाची बाजू या भीतीवर उभी करू नये असे मला वाटते. त्याची बाजू याहून भक्कम पायावर उभी आहे : त्याच्या पायाखालची जमीन हलवायची आहे, आणि त्याला विचारलेले नाही.

यावर आक्षेप येईल तो मला ठाऊक आहे, आणि तो हलका नाही. पवनचक्की, विजेवर धावणारी मोटार, हातातला फोन, रुग्णालयातील एमआरआय तपासणीत शिरेत टोचले जाणारे गॅडोलिनियम, पेट्रोल शुद्ध करणारी उत्प्रेरके, या सर्वांत ही मूलद्रव्ये आहेत. धुराच्या इंधनापासून सुटायचे म्हटले तर निओडिमियमची चुंबके लागणारच. चीनने एप्रिल २०२५ मध्ये सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा आपल्याकडच्या मोटार कारखान्यांचीही धांदल उडाली. आपण आपल्या वाळूला हात लावायचा नाही म्हटले, तर ती चुंबके थांबत नाहीत. ती म्यानमारच्या काचीन प्रांतातील डोंगरांतून येतात, जेथे उतारावर छिद्रे पाडून अमोनियम सल्फेट ओततात आणि कोणाचीही सुनावणी होत नाही. आपला किनारा स्वच्छ राहावा म्हणून दुसऱ्याचा डोंगर विरघळवणे, आणि त्याला पर्यावरणप्रेम म्हणणे, हे मला लबाडीचे वाटते. सरसकट नकार देणाऱ्याने स्वतःच्या खिशातला फोन एकदा बाहेर काढून पाहावा. मी पाहिला आहे, आणि तेव्हापासून माझ्या बोलण्यात पूर्वीचा ठामपणा राहिलेला नाही.

तेव्हा खोदूच नये असे मला म्हणायचे नाही. मोजणीच्या वेळी मालकाला बोलवावे, एवढे म्हणायचे आहे. आणि ते केवळ सौजन्य म्हणून नव्हे. वाळूचा किनारा म्हणजे दगडाची खाण नव्हे. पावसाळ्यात तो खातो, हिवाळ्यात भरतो. कुठे बांध घातला तर पलीकडे तुटतो. दहा हजार टन उपसल्यावर पुढच्या वर्षी किती परत येते, कुठून येते आणि कोणाच्या अंगणातून येते, हे छिद्र पाडून कळत नाही; ते तेथे पन्नास वर्षे होडी लोटणाऱ्याला अधिक कळते. त्याला बाहेर ठेवून केलेले मूल्यमापन अन्याय्य तर आहेच, पण अपुरेही आहे. ज्या आकड्यात किनारा टिकण्याची किंमत धरलेली नाही तो शास्त्रीय दृष्टीनेही अर्धाच आकडा.

ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला नार्साक नावाचे लहान गाव आहे. त्याच्या मागच्या क्वानेफ्येल्ड डोंगरात विरल मृदांचा मोठा साठा आहे आणि त्याबरोबर युरेनियम. त्या साठ्याचे मूल्यमापन वर्षानुवर्षे चालले. आकडे सर्वांसमोर होते. तेथील लोकांनी त्यावर सभा घेतल्या, भांडणे केली, घरे विभागली गेली. एप्रिल २०२१ ची निवडणूक प्रामुख्याने त्या एका डोंगरावर लढली गेली, आणि त्याच वर्षी युरेनियमच्या उत्खननाला बंदी घालणारा कायदा झाला. जेमतेम ५६,००० लोकसंख्येच्या त्या देशाला पैशाची गरज होती. त्यांचा निर्णय शहाणपणाचा होता की नव्हता यावर मतभेद होतील; खाण कंपनीने तो लवादापुढे नेला. पण शेतात काय आहे हे मालकाला ठाऊक होते आणि 'विकत नाही' म्हणण्याची त्याला मोकळीक होती.

आपल्याकडे उलट दिशेने पाऊल पडले. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने, संरक्षण आणि अणुऊर्जा विभागांच्या मागणीवरून, अणुखनिजे आणि अन्य महत्त्वाच्या खनिजांच्या खाणप्रकल्पांना जनसुनावणीतून वगळले. पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल तयार करावा लागेल, तज्ज्ञ तो वाचतील. गावकऱ्यांसमोर तो मांडण्याची आवश्यकता उरली नाही. देशाच्या सुरक्षिततेचे कारण मी थट्टेवारी नेत नाही. पण ज्या दिवशी हे वाचले त्या दिवशी मला किल्लियूरची न झालेली सुनावणी आठवली. तेथील लोकांनी ती होऊ दिली नाही, कारण तिच्यात आपले ऐकले जाईल असा भरवसा त्यांना नव्हता. आता ती घेण्याचे बंधनच नाही.

तो सातवीतला मुलगा आता मोठा झाला आहे, नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो. मागच्या नाताळात भेटला तेव्हा मी त्याला त्याच्या प्रश्नाची आठवण दिली. त्याला ती मुळीच नव्हती. मी त्याला अक्वायनस यांचे उत्तर सांगितले, केरळची वाळू सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "पण सर, मालकाला सांगितलं असतं, तरी त्यानं कदाचित शेत विकलंच असतं."

"असेल," मी म्हणालो. "पण किंमत तरी त्याने ठरवली असती."